फुटक्या बांगड्यांची प्रजा : चंदीगडच्या जंगलात लपलेल्या शिल्पनगरीचा इतिहास

चंदीगड शहराचा आराखडा सिद्ध करणाऱ्या ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराने नगरवासीयांसाठी एक आज्ञापत्र लिहून ठेवले होते. त्यातील एक कलम असे, की या शहरात वा त्याच्या उद्यानांत कोणाही व्यक्तीचा पुतळा उभारला जाऊ नये. कोणाचे स्मरण करायचेच असेल तर योग्य जागी ब्राँझची पाटी बसवावी, तेवढे पुरे. याच शहरात, उच्च न्यायालय आणि सचिवालय यांच्या भव्य इमारतींपासून हाकेच्या अंतरावर, सार्वजनिक बांधकाम खात्यातील एक रस्ते निरीक्षक कामाचे तास संपल्यावर झाडीत शिरून शेकडो पुतळे उभारत होता. ते कोणा एका व्यक्तीचे नव्हते, त्यामुळे शब्दशः पाहता ते कलम मोडले गेले नव्हते. बाकी मात्र मोडण्यासारखे सगळे मोडून झाले होते. जमीन सरकारी, परवानगी कसलीच नाही, आणि साहित्य म्हणाल तर शहराने टाकून दिलेला कचरा.

आजचा धागा नेकचंद सैनी यांच्या रॉक गार्डनविषयी आहे. पण तिथे पोहोचण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल, कारण शिल्प कशाचे असावे हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

शिल्पाला फार जुन्या काळापासून दोनच प्रतिष्ठित द्रव्ये ठाऊक होती: पाषाण आणि धातू. लेणी कोरायची तर कातळ हवा, देवघरातील मूर्ती हवी तर पंचधातू, रोमन सम्राट घडवायचा तर संगमरवर नाही तर ब्राँझ. माती, लाकूड, मेण, कागदाचा लगदा यांचीही शिल्पे घडत, परंतु ती एक तर उत्सवापुरती असत किंवा पक्क्या शिल्पाचा कच्चा नमुना म्हणून. टिकाऊ द्रव्य महाग असते. ते विकत घेण्याची ऐपत राजा, देवस्थान वा सरकार यांचीच. त्यामुळे कोणाचे शिल्प घडायचे आणि कोणाचे नाही, हा निर्णय पुष्कळदा द्रव्याच्या किमतीतच होऊन जाई.

१८८१ साली पॅरिसमध्ये एदगार देगाने चौदा वर्षांच्या एका नर्तिकेचे मेणाचे शिल्प प्रदर्शनात मांडले. तिला खऱ्या केसांचा टोप होता, अंगात कापडी चोळी आणि तलम झालरीचा झगा होता, पायांत नाचाचे बूट होते. समीक्षक बिथरले. कलाकृतीऐवजी एखाद्या वस्तुसंग्रहालयातील नमुना समोर ठेवल्यासारखे त्यांना वाटले. पुढे क्ष-किरण तपासणीत असे आढळले, की तिच्या आतील आधाराच्या सांगाड्यात देगाने रंगकामाचे जुने कुंचलेदेखील कोंबले होते. देगाच्या मृत्यूनंतर या शिल्पाच्या ब्राँझमध्ये प्रती ओतण्यात आल्या आणि जगभरातील संग्रहालयांत आज मुख्यतः त्या प्रतीच दिसतात. मूळ मेणाची मुलगी वॉशिंग्टनला आहे.

पिकासोचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९४२ साली, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये, त्याने भंगारातून सायकलचे एक सीट आणि एक हँडल उचलले आणि दोन्ही जोडले. सीट म्हणजे बैलाचे तोंड, हँडल म्हणजे शिंगे. एवढेच. त्याच काळात शहरातील चौकाचौकांतले ब्राँझचे पुतळे धातूसाठी वितळवले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सायकलच्या बैलाला निराळाच अर्थ येतो. गंमत अशी, की पुढे त्या बैलाच्याही ब्राँझच्या प्रती निघाल्या. भंगाराला कलेचा दर्जा मिळाला खरा, पण त्यासाठी भंगाराने आधी ब्राँझचे सोंग घ्यायचे!

भारतात याच काळाच्या आगेमागे रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात निराळा मार्ग काढला. १९३८ साली त्यांनी घडवलेले ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प सिमेंट आणि तांबड्या जांभ्याच्या खडीचे आहे. ब्राँझ वा संगमरवर परवडण्याजोगा नव्हता, आणि स्थलांतर करणाऱ्या श्रमिक कुटुंबाला तो शोभलाही नसता. ज्या मातीत ती माणसे राबत होती, तिच्यातलाच खडा त्यांच्या अंगावर आला. उघड्यावर, कोणत्याही चौथऱ्याच्या डौलाविना उभे असलेले हे शिल्प भारतीय आधुनिक शिल्पकलेचा एक प्रारंभबिंदू मानले जाते.

रामकिंकर प्रशिक्षित कलावंत होते. नेकचंद नव्हते.

नेकचंद यांचा जन्म १९२४ सालचा, शकरगढ तहसिलीतील एका खेड्यातला. ही तहसील तेव्हा गुरदासपूर जिल्ह्यात होती. १९४७ साली रॅडक्लिफ यांनी सीमारेषा आखली तेव्हा गुरदासपूरच्या चार तहसिलींपैकी तीन भारतात आल्या आणि रावीपलीकडची शकरगढ एकटी पाकिस्तानात गेली. कागदावरच्या या एका रेषेने नेकचंद यांचे घर, शेत आणि गाव परदेश झाले. लाखो पंजाबी कुटुंबांप्रमाणे सैनी कुटुंबही नेसत्या वस्त्रानिशी अलीकडे आले आणि फिरत फिरत पन्नासच्या दशकात नेकचंद चंदीगडला पोहोचले. तिथे त्यांना सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळाली.

ते शहर स्वतःच फाळणीचे अपत्य होते. पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. भारतीय पंजाबाचा कारभार तात्पुरता सिमल्याहून चालू लागला. नव्या राजधानीसाठी शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची जागा निवडली गेली. पहिला आराखडा अमेरिकन नियोजक अल्बर्ट मेयर यांचा. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान अपघातात गेले आणि काम ल कॉर्बुझिएकडे आले. सरळ रेषांचे रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, उघड्या काँक्रीटच्या प्रचंड इमारती. भूतकाळाच्या ओझ्यातून मुक्त असलेले शहर, असे नेहरूंच्या मनातले त्याचे चित्र होते.

भूतकाळ मात्र त्या जागेवर राहत होता. नव्या शहरासाठी सुमारे दोन डझन खेडी उठवली गेली. घरे पाडली, त्यांतील माणसे पांगली, आणि मागे राहिली ती खापरे, फुटक्या कपबशा, तुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे, मोडक्या सायकली. इतिहासाच्या पुस्तकांत चंदीगडचा उल्लेख स्वतंत्र भारताच्या आत्मविश्वासाचे प्रतीक म्हणून येतो, आणि ते खरेही आहे. पण घर गमावून तिथे आलेल्या एका माणसाच्या नजरेसमोर इतरांची घरे पाडली जात होती, हा तपशील त्या पुस्तकांत सापडत नाही.

१९५८ च्या सुमारास नेकचंद वस्तू गोळा करू लागले. नोकरी रस्त्यांच्या कामावरची, त्यामुळे शहराच्या कानाकोपऱ्यांत जाणे नित्याचेच. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी ते सायकल काढत, शिवालिकमधून उतरणाऱ्या, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांच्या पात्रांत जात आणि पाण्याने झिजून विचित्र आकार धारण केलेले दगड सायकलवर लादून आणत. कोणाला त्यात पक्षी दिसला असता, कोणाला बसलेला माणूस, कोणाला काहीच नाही. सुखना तलावाजवळच्या झाडीत, सरकारी साठ्याच्या जागेलगत, त्यांनी एक झोपडी उभी केली आणि हे सारे तिथे रचून ठेवले. ही जमीन शहराच्या कडेचा राखीव हरितपट्टा होती. तिच्यावर कोणीही काहीही बांधायचे नव्हते, आणि म्हणूनच तिकडे सहसा कोणी फिरकत नसे.

सुमारे सात वर्षे त्यांनी केवळ गोळा केले. ही सात वर्षे महत्त्वाची आहेत. हातात द्रव्य आले की घडवायला बसावे, असा हा प्रकार नव्हता. दगड, खापरे, विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे चिमणे, फ्यूजचे तुकडे, न्हाणीघरातील फुटकी भांडी, वीटभट्टीत जास्त भाजून वितळलेल्या काळ्या विटा, डांबराची रिकामी पिंपे, पावसात भिजून पोत्यातच दगड झालेले सिमेंट, न्हाव्याच्या दुकानातील केस, सगळे जमत गेले. लहानपणी आईकडून ऐकलेल्या राजाराण्यांच्या कथा आणि गावच्या नदीकाठी केलेले खेळ यांतून आपल्याला हे राज्य सुचले, असे ते पुढे सांगत. दिवाळीत अंगणात किल्ला रचून त्यावर मावळे मांडणाऱ्या मराठी मुलांना ही वृत्ती परकी वाटू नये; फरक इतकाच, की हा किल्ला तुळशीच्या लग्नानंतर मोडायचा नव्हता.

१९६५ च्या आसपास प्रत्यक्ष रचना सुरू झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ल कॉर्बुझिए फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहताना मरण पावला. आपल्या शहराच्या कुशीत काय उगवत आहे, हे त्याला कधीच कळले नाही.

आता तंत्राकडे वळू, कारण या कथेचा खरा गाभा तिथे आहे. सायकलची मोडकी चौकट, लोखंडी सळई किंवा नळीचा तुकडा घेऊन प्रथम सांगाडा उभा करायचा. चिमट्याचे पाय होत, सीटचे जनावराचे तोंड होई. या सांगाड्याभोवती गोणपाट वा चिंध्या गुंडाळून जाडसर काँक्रीटचा थर द्यायचा. तो आवळला, की त्यावर बारीक वाळू आणि सिमेंट यांचा गुळगुळीत गिलावा चढवायचा. शेवटची पायरी सर्वांत घाईची: गिलावा ओला असतानाच त्यात बांगड्यांचे वा कपबश्यांचे तुकडे दाबून बसवायचे. एकदा का सिमेंट आवळले, की चूक दुरुस्त होत नाही आणि राहिलेली जागा भरता येत नाही. म्हणून रंगसंगती आधी मनात पक्की हवी, तुकडे आकारानुसार निवडून हाताशी हवेत.

या पद्धतीचा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. काचेच्या बांगडीचा तुकडा मुळातच वक्र असतो. असे शेकडो वक्र तुकडे ओळीने बसवले, की घागऱ्याला आपोआप घोळ येतो आणि उन्हात अंग हलल्यासारखे चमकते. पांढऱ्या कपबशीचे तुकडे सपाट. त्यांचे सदरे आणि धोतरे होतात. चेहरा मात्र नेकचंद बहुधा साध्या सिमेंटचा ठेवत, डोळ्यांपुरते काहीतरी बसवून. त्यामुळे नखशिखान्त नटलेल्या देहांवर एकसारखे, काहीसे स्तब्ध, मुखवट्यांसारखे चेहरे दिसतात. एकट्याने उभे असलेले शिल्प पाहिले तर ते ओबडधोबड वाटेल. पण ती एकटी नाहीत. डोक्यावर घडे घेतलेल्या बायकांची रांग, वादकांची रांग, शिपायांची रांग, वानरांचा कळप, बैलांचा कळप. उतरत्या ओट्यांवर दाटीने उभी असलेली ही प्रजा पाहणाऱ्याकडेच पाहत असते. शिल्पकलेच्या रूढ कसोट्या एकेका पुतळ्याला लावणाऱ्यांनी नेकचंद यांना नवखे ठरवले, ते या समूहाकडे न पाहिल्यामुळे.

काँक्रीट त्यांना कोठून अवगत झाले, याचे उत्तर त्यांच्या नोकरीत आहे. साऱ्या शहरात त्या काळी काँक्रीट ओतण्याचेच काम चालू होते. कॉर्बुझिएच्या इमारती ज्या द्रव्याच्या, त्याच द्रव्याची ही प्रजा. एका बाजूस मोजून, आखून, साच्यात ओतलेले सिमेंट, तर दुसऱ्या बाजूस त्याच बांधकामातून उरलेले, पोत्यात वाया गेलेले सिमेंट. कॉर्बुझिएही काँक्रीटच्या भिंतींत सूर्य, मासा, हात अशी चिन्हे ठसवत असे, हे येथे नोंदवायला हवे. दोघांमधील दरी जितकी सांगितली जाते तितकी खोल नव्हती.

काम एकट्याने, दिवसाची नोकरी संपल्यावर, पुष्कळदा जुने टायर पेटवून त्यांच्या उजेडात चाले. मोजक्या माणसांना याची कल्पना होती. त्यांपैकी एक होते चंदीगडचे मुख्य वास्तुरचनाकार एम. एन. शर्मा. १९६९ च्या सुमारास त्यांनी ही जागा पाहिली. कायद्याने पाहता त्यांनी तत्क्षणी कारवाईचे आदेश द्यायला हवे होते. त्यांनी काम चालू ठेवण्याचा आणि कोणाला न सांगण्याचा सल्ला दिला. शहराच्या नियमांचे राखणदार म्हणून नेमलेल्या माणसाने नियमभंगावर पांघरूण घातले, म्हणून आज हा धागा लिहिण्याजोगे काही शिल्लक आहे.

सत्तरच्या दशकात झाडी साफ करण्याच्या निमित्ताने सरकारी पथके त्या बाजूस पोहोचली आणि गुपित फुटले. तोवर सुमारे १२ एकरांवर एकमेकींत उघडणाऱ्या चौकांची एक नगरीच वसली होती. प्रशासनापुढचा पेच खरोखर अवघड होता. हे अतिक्रमण होते, तेही सरकारी नोकराने केलेले. राखीव जमिनीवरची एक झोपडी पाडायची आणि दुसऱ्या बांधकामाला अभय द्यायचे, तर न्यायाचा निकष कोणता? पाडण्याच्या बाजूचे अधिकारी दुष्ट होते असे समजण्याचे कारण नाही. नियोजित शहर टिकते ते नियम सर्वांना सारखे लागू केल्यानेच, ही त्यांची भूमिका होती. परंतु बातमी पसरताच लोक पाहायला येऊ लागले, आणि पाहून गेलेली माणसे पाडण्याच्या विरोधात बोलू लागली.

१९७६ च्या जानेवारीत ही जागा ‘रॉक गार्डन’ या नावाने लोकांसाठी खुली झाली. नेकचंद यांची नोकरी गेली नाही, उलट बदलली. ‘उपविभागीय अभियंता, रॉक गार्डन’ असे पद त्यांच्यासाठी निर्माण झाले, पगार चालू राहिला आणि दिमतीला ५० मजूर आले. भारतीय नोकरशाहीच्या इतिहासात अपराधालाच पद बनवल्याचे असे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

टाकाऊ वस्तू जमवण्यासाठी शहरात ठिकठिकाणी संकलन केंद्रे उघडली गेली. उपाहारगृहांतील फुटकी भांडी, इमारतींच्या कामावर उरलेल्या फरश्या, कारखान्यांतील अवशेष आता उघडपणे येऊ लागले. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी दुसरा टप्पा पूर्ण झाला. त्यात धबधबे आहेत, अरुंद घळी आहेत, काँक्रीटची झाडे आणि मुळे आहेत, आणि इतके ठेंगणे दरवाजे आहेत की प्रौढ माणसाला वाकूनच आत जावे लागते. राजाच्या दरबारात ताठ मानेने शिरायचे नसते, हा त्यामागचा संकेत. तिसऱ्या टप्प्यात उंच कमानींना टांगलेले झोपाळे आले. एकूण विस्तार चाळीस एकरांच्या घरात गेला. १९८३ साली टपाल खात्याने रॉक गार्डनवर तिकीट काढले, १९८४ साली नेकचंद यांना पद्मश्री मिळाली आणि १९८६ साली वॉशिंग्टनमधील मुलांच्या संग्रहालयासाठी त्यांनी एक बाग रचली.

जगातील दुसऱ्या एका गृहस्थाची कथा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीत सायमन रोडिया नावाच्या इटालियन स्थलांतरिताने १९२१ ते १९५४ अशी तेहतीस वर्षे एकट्याने मनोरे उभारले. पेशाने तो फरश्या बसवणारा कारागीर. पोलादी सळया वाकवायच्या, तारेच्या जाळीने गुंडाळायच्या, वर सिमेंटचा लेप द्यायचा आणि त्यात बाटल्यांच्या काचा, शिंपले आणि फरश्यांचे तुकडे बसवायचे, अशी त्याची पद्धत. सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा. १९५५ साली त्याने ती जागा शेजाऱ्याला देऊन टाकली आणि निघून गेला. नगरपालिकेने मनोरे धोकादायक ठरवून पाडण्याचा हुकूम काढला.

तेव्हा बड गोल्डस्टोन नावाच्या अभियंत्याने एक पैज मांडली. मनोऱ्याला बाजूने १०,००० पौंडांचा ताण द्यायचा. कोसळला तर प्रश्न मिटला, टिकला तर हुकूम मागे. १० ऑक्टोबर १९५९ रोजी लोकांच्या समोर ही चाचणी झाली. मनोरा जागचा हलला नाही, ताण देणारी यंत्रणाच वाकली. नियम पाळणाऱ्या यंत्रणेला नियमाच्याच भाषेत, म्हणजे पौंडांत, उत्तर मिळाले.

नेकचंद यांच्या वाट्याला अशी एकदाच होणारी परीक्षा आली नाही. त्यांच्या नगरीवर गंडांतरे येतच राहिली. १९८०चे दशक सरता सरता रस्त्यासाठी बागेचा भाग घेण्याचे ठरले आणि बुलडोझर येऊन उभे राहिले. तेव्हा चंदीगडच्या नागरिकांनी मानवी साखळी धरून वाट अडवली. १९९६ साली नेकचंद परदेशात असताना प्रशासनाने निधी आखडता घेतला आणि समाजकंटकांनी शिल्पांची मोडतोड केली. त्यानंतर देखभालीसाठी रॉक गार्डन सोसायटी पुढे आली, इंग्लंडमध्ये त्यांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन झाले आणि परदेशी स्वयंसेवक येऊन काम करू लागले.

कलेतिहासाने त्यांना कोणत्या खणात ठेवले, हेही पाहण्याजोगे आहे. शिक्षणाविना, कलाविश्वाच्या बाहेर राहून निर्मिती करणाऱ्यांसाठी १९७२ पासून इंग्रजीत ‘आउटसायडर आर्ट’ ही संज्ञा रूढ झाली. फ्रेंच चित्रकार द्यूबुफेच्या ‘आर ब्रूत’ या कल्पनेचे ते इंग्रजी रूप. रॉक गार्डन खुले झाले त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे द्यूबुफेच्या संग्रहाचे संग्रहालय सुरू झाले, आणि पाश्चात्त्य अभ्यासकांनी नेकचंद यांना या परंपरेतील अग्रगण्य मानले. या गौरवाने बागेचा बचाव झाला, हे निर्विवाद. तरीही ती संज्ञा त्यांना नीट बसत नाही. पन्नास मजुरांच्या हातांनी, सरकारी पगारावर, लोकांच्या डोळ्यांदेखत चार दशके चाललेले काम ‘बाहेरचे’ कसे म्हणावे? खेड्यातील सारवलेल्या भिंती, मातीची खेळणी, जत्रेतील रांगा, लग्नातील वाजंत्री या सगळ्यांचा वारसा त्यात आहे. बाहेरचा कोण, हे आत कोण उभा आहे त्यावर ठरते, आणि ते ठरवणारे फार दूर बसलेले होते. बरे, त्या मजुरांची नावे कोणत्याही खणात नाहीत, हा या गौरवगाथेतला सर्वांत मोठा अभाव.

द्रव्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. देगाची नर्तिका ब्राँझमध्ये उतरली, पिकासोचा बैलही. नेकचंद यांच्या प्रजेला ती सोय नाही. बांगडीची चमक ओतीव धातूत येणार नाही, आणि हजारो पुतळ्यांच्या प्रती कोण काढणार? सिमेंटला तडे जातात, त्यांतून पाणी आत शिरते, आतल्या सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर फोडते. निसटलेला तुकडा पुन्हा बसवायचा तर नेमका तोच आकार आणि तोच रंग शोधावा लागतो. फेकलेल्या वस्तूंपासून घडलेली ही नगरी जपायला संगमरवरापेक्षा अधिक कष्ट पडतात.

नेकचंद जून २०१५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, चंदीगडमध्येच निवर्तले. पुढल्याच वर्षी कॉर्बुझिएच्या इतर काही रचनांसह चंदीगडचा कॅपिटॉल परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याला लागून असलेले रॉक गार्डन त्या नामांकनाचा भाग नव्हते.

मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या बाजूचा रस्ता रुंद करण्यासाठी आणि वाहनतळाची सोय करण्यासाठी प्रशासनाने रॉक गार्डनच्या भिंतीचा एक भाग पाडला. त्या दिवसांत चंदीगडचे नागरिक पुन्हा तिथे जमले. पडलेल्या भिंतीचे तुकडे रस्त्याच्या कडेला ढिगाने पडले होते, नव्या शहरासाठी पाडलेल्या खेड्यांची खापरे कधीकाळी पडली होती तसेच.